आपला चमत्कार, त्यांची जादू

रोममध्ये टायबर नदीच्या बेटावर १५७४ साली एका पुतळ्याचा दगडी चौथरा सापडला. त्यावरचा लॅटिन लेख सेमो सांकुस या जुन्या सबाइन देवाला उद्देशून होता. शपथा आणि करार यांची राखण करणारा हा देव. लेख वाचणाऱ्या अभ्यासकांना जस्टिन मार्टरचा एक उतारा आठवला. इ.स. १५५च्या सुमाराला या जस्टिनने ख्रिस्ती लोकांच्या बचावासाठी रोमन सम्राटाला उद्देशून एक निवेदन लिहिलं होतं. त्यात तो सांगतो, की पॅलेस्टाइनमधल्या शोमरोन प्रांतातल्या गित्ता गावचा शिमोन नावाचा जादूगार सम्राट क्लॉडियसच्या काळात रोमला आला, भुतांच्या बळावर त्याने लोकांना भारून टाकलं आणि टायबरच्या दोन पुलांमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. त्यावर ‘पवित्र देव शिमोन याला’ असं कोरलेलं आहे, असंही तो सांगतो. बहुतेक अभ्यासकांच्या मते जस्टिनने सेमोच्या जागी शिमोन वाचलं.

जस्टिन मुद्दाम खोटं बोलला असं मला वाटत नाही. तो त्याच शोमरोनातला, आजच्या नाब्लुस शहराचा. आपल्या मुलखातले जवळजवळ सगळे लोक शिमोनला देव मानतात, असं तो स्वतःच लिहितो. ज्या माणसाची धास्ती मनात घर करून बसली आहे, त्याचं नाव परक्या दगडावरही दिसू लागतं. म्हणून माझा आग्रह असा, की सुरुवातीच्या ख्रिस्ती साहित्यातली जादूगारांची आणि तोतया मशीहांची (देवाने पाठवलेला तारणहार राजा म्हणून पुढे आलेल्यांची) चित्रं विरोधकांनी काढलेली आहेत हे लक्षात ठेवूनच ती वाचावीत. पण तेवढ्यावर थांबून चालणार नाही. खरा कोण आणि खोटा कोण हे ओळखायच्या कसोट्याही याच साहित्यात आहेत. त्यांतल्या काही फक्त परक्याला लावता येतात, काही घरच्या माणसालाही लागतात. पहिल्या प्रकारच्या कसोट्यांनी पुढे माणसांचे जीव घेतले. दुसऱ्या प्रकारच्या आजही उपयोगी आहेत.

शिमोन पहिल्यांदा भेटतो तो बायबलच्या नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात. शोमरोनात त्याचा मोठा दबदबा आहे. लहानथोर त्याला देवाची महान शक्ती म्हणतात. फिलिप्प हा ख्रिस्ती प्रचारक तिथे येतो, आजारी माणसं बरी करतो, लोक त्याच्याकडे वळतात. शिमोनही विश्वास ठेवतो आणि बाप्तिस्मा घेतो. मग यरुशलेमेहून येशूचे शिष्य पेत्र आणि योहान येतात, लोकांवर हात ठेवतात आणि त्यांना पवित्र आत्मा मिळतो. हे पाहून शिमोन पैसे पुढे करतो : मलाही हा अधिकार द्या, म्हणजे मी ज्याच्यावर हात ठेवीन त्याला आत्मा मिळेल. पेत्र संतापतो. तुझ्या चांदीचा तुझ्यासह नाश होवो, म्हणतो. यावर शिमोन काय करतो? उलट बोलत नाही, शाप देत नाही. तुम्ही म्हणालात तसं माझ्यावर काही येऊ नये म्हणून माझ्यासाठी प्रार्थना करा, एवढंच विनवतो. गोष्ट तिथेच संपते. पश्चात्ताप खरा की खोटा, पुढे त्याचं काय झालं, काही सांगितलेलं नाही. त्याने भूत बोलावलं, कुणाला इजा केली, कुणाला लुबाडलं, असंही काही नाही. दोष एकच : जे विकायचं नाही ते विकत घ्यायला तो निघाला. पुढे चर्चमधली पदं पैशाने मिळवण्याच्या गुन्ह्याला याच शिमोनचं नाव पडलं, ते योग्यच झालं.

आता त्याच पुस्तकातले प्रेषितांचे चमत्कार पाहा. पाचव्या अध्यायात लोक आजाऱ्यांना रस्त्यावर आणून ठेवतात, पेत्र जाताना निदान त्याची सावली तरी त्यांच्यावर पडावी म्हणून. एकोणिसाव्या अध्यायात इफिस शहरात पौल या प्रेषिताच्या अंगाला लागलेले रुमाल आणि फडकी आजाऱ्यांकडे नेतात आणि दुखणी पळतात. सायप्रस बेटावर पाफोसमध्ये सर्जियस पौलुस या रोमन सुभेदाराच्या पदरी बर्येशू नावाचा जादूगार असतो. तो आडवा येतो म्हणून पौल त्याला आंधळा करतो, आणि ते पाहून सुभेदार विश्वास ठेवतो. परक्या माणसाने ही दृश्यं पाहिली असती, तर यांतला जादूगार कोण आणि प्रेषित कोण हे त्याने कशावरून ओळखलं असतं? उताऱ्यात उत्तर आहे : आमच्याकडे देवाची शक्ती आहे, त्याच्याकडे सैतानाची. आधीच आपल्या बाजूला बसलेल्या माणसाला हे पटतं. बाहेरच्याला त्यातून काहीच कळत नाही.

हा प्रश्न पहिल्या ख्रिस्ती लोकांना कळत नव्हता असं कुणी समजू नये. त्यांना तो फार चांगला कळत होता, कारण तोच आरोप त्यांच्या प्रभूवर झाला होता. मार्कच्या शुभवर्तमानात यरुशलेमेहून आलेले शास्त्री म्हणतात, हा भुतांच्या सरदाराच्या, बालजबूलच्या बळावर भुतं काढतो. मत्तयच्या वृत्तान्तात येशूचं उत्तर मार्मिक आहे : मी बालजबूलच्या बळावर काढतो म्हणता, मग तुमची माणसं कुणाच्या बळावर काढतात? काम तेच, मग तुमच्या माणसाला संत आणि मला मांत्रिक का? हा एकच प्रश्न त्याच्या अनुयायांनी पुढच्या तीनशे वर्षांत स्वतःला विचारत राहायला हवा होता. क्वचितच विचारला.

बाहेरचे लोक मात्र विचारत राहिले. दुसऱ्या शतकाच्या अखेरीला सेल्सस नावाच्या ग्रीक लेखकाने ख्रिस्ती धर्मावर जोरकस टीका लिहिली. येशू इजिप्तमध्ये मोलमजुरी करताना जादू शिकला, असा त्याचा आरोप. बाजारात चार दमड्यांसाठी भुतं काढणारे, फुंकर मारून रोग घालवणारे, मेलेल्या वीरांचे आत्मे बोलावणारे, नसलेली पक्वान्नं ताटात दाखवणारे लोक पाहा; तेही देवाचे पुत्र का, असं तो विचारतो. त्याचं मूळ पुस्तक हरवलं. आपल्याला ते कळतं ते सुमारे सत्तर वर्षांनी, २४८च्या आसपास, ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताने लिहिलेल्या प्रत्युत्तरामुळे. ओरिजेनचं मला कौतुक वाटतं. तो ‘आमचा देव खरा’ एवढंच घोकत बसत नाही. तो म्हणतो, बाजारातला जादूगार आपले खेळ पाहून प्रेक्षकांनी आयुष्य सुधारावं असं कधी म्हणतो का? माणसाच्या करणीचा लोकांवर काय परिणाम होतो ते बघा. ही कसोटी निदान तपासता येते. ख्रिस्ती नसलेल्या माणसालाही ती हातात घेता येते, आणि हवं तर ख्रिस्ती माणसावरच फिरवता येते.

तोतया मशीहांची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि माझ्या मते अधिक दुःखाची. थुदास घ्या. जोसेफस या यहुदी इतिहासकाराच्या मते कुस्पियस फादुस हा यहुदियाचा अधिकारी असताना, म्हणजे ४४ ते ४६च्या दरम्यान, थुदासने पुष्कळ लोकांना चीजवस्तू घेऊन यार्देन नदीकडे चलायला सांगितलं. माझ्या शब्दाने नदी दुभंगेल, म्हणाला. फादुसने घोडेस्वार पाठवले, पुष्कळ माणसं मारली आणि थुदासचं डोकं कापून यरुशलेमेला आणलं. काही वर्षांनी एक इजिप्शियन माणूस लोकांना घेऊन जैतुनाच्या डोंगरावर गेला. माझ्या आज्ञेने यरुशलेमेच्या भिंती कोसळतील, असं त्याने सांगितलं. फेलिक्स या रोमन अधिकाऱ्याच्या सैन्याने त्यांचीही कत्तल केली आणि तो इजिप्शियन निसटला. प्रेषितांच्या कृत्यांत त्याच्याबरोबर ४,००० माणसं आहेत, जोसेफसच्या एका ग्रंथात ३०,०००. जोसेफस अशा माणसांना ठक म्हणतो, मांत्रिक म्हणतो. तो स्वतः रोमनांच्या आश्रयाने लिहीत होता, हे विसरून चालणार नाही.

ही माणसं काय मागत होती? नदी दुभंगणं ही लोकांना यार्देनपार नेणाऱ्या यहोशवाची आठवण, भिंती कोसळणं ही त्याने जिंकलेल्या यरीहो शहराची. करांच्या आणि जमिनीच्या ओझ्याखाली पिचलेल्या खेडुतांना आपल्या पूर्वजांची सुटका पुन्हा घडलेली पाहायची होती. त्यांना ठकाच्या नादी लागलेले भोळे म्हटलं, की रोमन घोडेस्वारांनी काय केलं हा प्रश्न आपोआप बाजूला पडतो. ‘खोटे ख्रिस्त आणि खोटे संदेष्टे उठतील’ हा शुभवर्तमानांतला इशारा याच काळच्या रक्तपाताच्या सावलीत लिहिला गेला. त्यामागची कळकळ मला समजते. लोक मरत होते, आणि अशा हाकेमागे जाऊ नका असं सांगणं गरजेचं होतं. पण पुढच्या लेखकांनी त्या इशाऱ्याचा उपयोग मेलेल्यांना दोष देण्यासाठी केला, तो मला मान्य नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण बार कोखबा या यहुदी पुढाऱ्याचं. १३२ ते १३५ या वर्षांत त्याने रोमविरुद्ध मोठा उठाव केला. रब्बी अकिवाने त्याला मशीहा राजा म्हटलं, असं यहुदी परंपरा सांगते. ख्रिस्ती लोकांनी येशूला नाकारलं नाही तर बार कोखबा त्यांना कठोर शिक्षा देई, असं जस्टिन लिहितो. चौथ्या शतकात चर्चचा इतिहासकार युसेबियस त्याला खुनी आणि लुटारू म्हणतो. आकाशातून उतरलेला तारा असल्याचा त्याचा दावा होता, असंही सांगतो. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला जेरोम हा ख्रिस्ती पंडित तर आणखी पुढे जातो : बार कोखबा तोंडात जळती काडी धरून फुंकत असे, म्हणजे आग ओकतो आहे असं लोकांना वाटावं. पावणेतीनशे वर्षांत एका बंडखोर सेनानीचा जत्रेतला गारुडी झाला.

मग विसाव्या शतकात मृत समुद्राच्या पश्चिमेकडच्या गुहांमध्ये त्याची स्वतःची पत्रं सापडली. वादी मुरब्बआतमध्ये काही, आणि १९६०मध्ये पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादीनच्या तुकडीला नाहल हेवेरमध्ये आणखी काही. या पत्रांत तो शिमोन बार कोसिबा आहे, ‘इस्राएलचा नासी’ म्हणजे प्रमुख आहे. मशीहा असल्याचा दावा त्यात कुठेही नाही. सैन्याला रसद पोचवा, सणासाठी खजुराच्या फांद्या आणि महाळुंगं गाढवांवर लादून पाठवा, सांगितलं तसं वागला नाहीत तर तुमच्या पायात बेड्या घालीन, असा एकूण मजकूर. कडक, धांदलीतला, धर्माचे नियम पाळणारा माणूस. तो चांगला होता की वाईट हा वेगळा मुद्दा, आणि जस्टिन सांगतो तो छळ झालाही असेल. पण आग ओकणारा मांत्रिक या पत्रांत शोधूनही सापडत नाही. बार कोखबाच्या नशिबाने वाळवंटातली हवा कोरडी होती म्हणून त्याचे शब्द टिकले. शोमरोनातल्या जादूगार शिमोनचे टिकले नाहीत. दुसऱ्या शतकातला बिशप आयरेनियस याच्या ग्रंथात हा शिमोन सगळ्या पाखंडांचा बाप आहे, आणि हेलेना नावाची त्याची सोबतीण सोर शहरातल्या कुंटणखान्यातून आणलेली आहे. विरोधकाबरोबर एखादी बाई वावरत असेल तर ती वेश्याच असणार, हे या लेखकांनी जणू ठरवूनच टाकलेलं होतं. हेलेना स्वतः काय म्हणाली असती, ते कळायला मार्ग नाही. ओरिजेनच्या वेळेपर्यंत शिमोनचे अनुयायी जगभरात ३०सुद्धा सापडायचे नाहीत, असं तोच म्हणतो.

इथे एक कसोटी निकालात काढली पाहिजे, कारण ती आजही मोठ्या मानाने सांगितली जाते. प्रेषितांच्या कृत्यांत गमलियेल हा वडीलधारा शिक्षक प्रेषितांचा न्याय करणाऱ्या यहुदी सभेला सल्ला देतो : थुदास उठला, चारशे माणसं जमली, तो मारला गेला आणि सगळं विरलं, यांचंही काम माणसांचं असेल तर नष्ट होईल, देवाचं असेल तर तुम्हाला मोडता येणार नाही. सहिष्णुता म्हणून हा सल्ला मोलाचा आहे. (जोसेफसचा थुदास या भाषणानंतर दहाएक वर्षांनी उठला, ही अडचण अभ्यासकांना आजवर नीट सोडवता आलेली नाही.) पण टिकलं ते खरं आणि बुडालं ते खोटं, असा त्याचा अर्थ लावला तर फार मोठी फसगत होते. काळ्या समुद्राकाठी अबोनोतैखोस गावात अलेक्झांडर नावाच्या माणसाने दुसऱ्या शतकात ग्लायकॉन नावाचा माणसासारखं तोंड असलेला सर्पदेव उभा केला. लुशियन या उपहासकार लेखकाने त्याची पोलखोल केली, तरी तो पंथ अलेक्झांडरच्या मागेही टिकला. तिसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत नाण्यांवर तो साप दिसतो. आणखी एक गोष्ट लुशियन सांगतो. अलेक्झांडर आपल्या उत्सवाच्या सुरुवातीला ख्रिस्ती आणि एपिक्युरसपंथी अशा दोघांनाही हाकलून द्यायला लावायचा. चमत्कारावर विश्वास ठेवणारे आणि मुळीच न ठेवणारे त्याला सारखेच नकोसे होते, कारण दोघेही त्याला प्रश्न विचारत.

लोकप्रिय ख्रिस्ती साहित्य मात्र प्रश्नांपेक्षा तमाशात रमलं. दुसऱ्या शतकाच्या अखेरीचं ‘पेत्राची कृत्ये’ हे पुस्तक वाचताना गंमत वाटते, आणि काळजीही. पेत्राने पाठवलेला कुत्रा माणसाच्या आवाजात शिमोनला आव्हान देतो. सात महिन्यांचं तान्हं मूल मोठ्या माणसासारखं बोलतं. खिडकीत टांगलेला खारवलेला मासा पेत्र पाण्यात टाकतो आणि तो पोहायला लागतो. शेवटी शिमोन रोमवरून उडतो. पेत्र प्रार्थना करतो, की हा खाली पडो पण मरू नये, याचा पाय तीन ठिकाणी मोडो. तसंच होतं. मग जमाव त्या मोडक्या पायाच्या माणसावर दगड मारतो, घरी जातो, आणि सगळे पेत्रावर विश्वास ठेवतात. त्याच पुस्तकात थोडं आधी जमाव शिमोनला जाळायला निघतो, तेव्हा पेत्रच अडवतो : वाइटाला वाइटाने उत्तर देणं आम्ही शिकलो नाही. हा पेत्र मला मोठा वाटतो. पण पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या लक्षात राहिला तो उडणारा शिमोन आणि त्याचं कोसळणं. युरोपच्या चर्चमध्ये रंगवलं गेलं ते हेच. दोन्ही बाजूंनी खेळ दाखवायचे आणि ज्याचा खेळ मोठा त्याचा देव मोठा, असं ठरलं की सेल्ससचा आरोप आपण होऊन मान्य केल्यासारखं होतं.

याला एक चांगली वाट त्याच धर्माच्या एका लेखकाने दाखवली होती. ‘सर्व पाखंडांचं खंडन’ हा तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला ग्रंथ बहुधा हिप्पोलिटसचा. त्याचा मोठा भाग अ‍ॅथोस पर्वतावरून १८४२मध्ये मिळाला. चौथ्या भागात लेखक जादूगारांच्या युक्त्या एकेक करून उलगडतो. जमिनीवर ठेवलेली कवटी बोलते ती कशी? ती बैलाच्या पोटातल्या पडद्याला मेण वगैरे लावून बनवलेली असते, तिला करकोच्यासारख्या लांब मानेच्या पक्ष्याची श्वासनळी जोडलेली असते, आणि लपलेला साथीदार तिच्यातून बोलतो. नंतर निखाऱ्यांच्या धगीने मेण वितळतं आणि कवटी नाहीशी होते. पाण्याच्या कढईत देव दिसतात ते कसे? कढईला काचेचा तळ, खाली गुप्त खोली, आणि तिथे देवांचा वेश घेतलेली माणसं. आकाशातून जळती हेकाटे देवी उडत जाते ती कशी? एका पक्ष्याला तागाचा चोथा गुंडाळून पेटवून सोडलेलं असतं. या ग्रंथातल्या बाकीच्या भागांत कटुता पुष्कळ आहे, विरोधकांवर अन्यायही आहे. पण ही पानं वाचताना महाराष्ट्रातल्या माणसाला गावोगाव मंत्राने होम पेटवून, जिभेवर कापूर जाळून दाखवणारे आणि मग त्यामागची रसायनं समजावून सांगणारे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आठवल्यावाचून राहत नाहीत. अठराशे वर्षांचं अंतर आहे, धर्म वेगळा, हेतू वेगळा. पद्धत तीच : देव कुणाचा ते बाजूला ठेवा, दोरी कुठे बांधली आहे ते दाखवा.

तरीही माझ्या मते या साऱ्या साहित्यातली सर्वांत शहाणी पानं एका छोट्या पुस्तिकेत आहेत. तिचं नाव ‘डिडाखे’, म्हणजे शिकवण. इ.स. १००च्या आसपासची ही पुस्तिका फिलोथेओस ब्रिएन्निओस यांना १८७३मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या एका ग्रंथालयात मिळाली. तिच्यात उडणारे जादूगार नाहीत, पोहणारे खारवलेले मासे नाहीत, सैतानही फारसा नाही. गावोगाव फिरणारे उपदेशक दारात येतात तेव्हा लहानशा मंडळीने काय करावं, एवढंच आहे. प्रेषित आला तर त्याचं स्वागत करा. तो एक दिवस राहील, गरज पडली तर दोन; तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापर्यंतची भाकरी द्या. पैसे मागितले तर तो खोटा. आत्म्याच्या आवेशात कुणी पान मांडायला सांगितलं आणि स्वतःच जेवायला बसला, तर तो खोटा. जे शिकवतो ते स्वतः करत नसेल तर खोटा. आवेशात ‘मला पैसे द्या’ म्हणाला तर ऐकू नका. मात्र दुसऱ्या गरजूंसाठी मागत असेल तर कुणी त्याला दोष देऊ नये. कायमचं राहायचं असेल तर हाताला काम असू द्या. काम न करता राहू पाहील तो ख्रिस्ताच्या नावाचा व्यापारी.

मला यात खरोखर थोर वाटतं ते हे, की ही कसोटी परक्या जादूगारासाठी लिहिलेलीच नाही. आपल्याच पंथातल्या, आपल्याच देवाचं नाव घेणाऱ्या, आपल्यालाच आदर वाटणाऱ्या माणसासाठी ती आहे. आणि तिची गरजही होती. ख्रिस्ती लोकांमध्ये एखादा लबाड शिरला तर साध्या माणसांना फसवून झटक्यात श्रीमंत होतो, असं लुशियनने पेरेग्रिनस नावाच्या अशाच एका माणसाच्या गोष्टीत लिहून ठेवलं आहे. पेरेग्रिनस तुरुंगात असताना पहाटेपासून विधवा आणि अनाथ मुलं दाराशी बसलेली असत. डिडाखे त्या विधवांच्या बाजूने आहे. आत्म्याने बोलणाऱ्या संदेष्ट्याच्या बोलण्याची परीक्षा करू नका, ते पाप आहे, असंही ती बजावते. पण त्याची वागणूक बघा म्हणते. म्हणजे कुणाच्या श्रद्धेच्या गाभ्यात हात घालायचा नाही, आणि हिशोब मात्र सोडायचा नाही. मार्कस नावाच्या पंथप्रमुखाविरुद्ध आयरेनियसने केलेली तक्रार मला याच कारणाने गंभीर वाटते. प्याल्यातल्या द्राक्षारसाचा रंग तो बदलून दाखवे हे सोडून द्या. श्रीमंत, उंची वस्त्रांतल्या बायका हेरून तो त्यांना नादी लावत असे, हा आरोप कुणाही माणसाविरुद्ध, कुठल्याही पंथात, तपासण्यासारखा आहे. फिलिप्पै शहरातल्या त्या गुलाम मुलीचंही तसंच. तिच्या अंगात येई आणि तिच्या भविष्य सांगण्यावर मालक पैसा कमावत. पौलाने तिच्यातलं भूत काढल्यावर मालक चिडले ते कमाई बुडाली म्हणून, असं लेखकाने स्पष्ट लिहिलं आहे. त्या मुलीचं पुढे काय झालं ते त्याने लिहिलं नाही, याची मला दर वेळी हळहळ वाटते.

वागणुकीऐवजी निष्ठा पाहणाऱ्या कसोटीचं पुढे काय झालं, ते स्पेनमधल्या आव्हिलाचा बिशप प्रिसिलियन याच्या उदाहरणात दिसतं. कडक व्रतस्थ जीवनाचा प्रचारक, मोठा अनुयायी वर्ग, त्यात स्त्रियाही. इथासियस आणि हिदासियस हे दोन बिशप त्याच्याविरुद्ध उठले. प्रकरण ख्रिस्ती सम्राट माक्सिमस याच्यापुढे गेलं. पाखंडाच्या वादात जीव घेणं सोपं नव्हतं. चेटूक मात्र रोमन कायद्याने देहान्ताचा गुन्हा होता. तेव्हा चेटकाचा आरोप ठेवला, छळ करून कबुली घेतली, आणि ३८५च्या सुमाराला ट्रीर शहरात प्रिसिलियनचा आणि त्याच्या काही सोबत्यांचा शिरच्छेद झाला. त्यांत एउक्रोशिया नावाची बाईही होती. बोर्दोमध्ये उर्बिका नावाच्या त्याच्या शिष्येला जमावाने दगडांनी ठेचून मारलं. तूरचा बिशप मार्टिन रक्त सांडू नका म्हणून सम्राटाला विनवत राहिला, मिलानचा आम्ब्रोस त्या आरोपकर्त्या बिशपांपासून दूर राहिला. दोघांचं कुणी ऐकलं नाही. १८८५मध्ये व्युर्त्सबुर्गला प्रिसिलियनच्या वर्तुळातले अकरा लेख सापडले. जादूच्या आरोपाला उत्तर देताना लेखक त्यात अशा विधींचा धिक्कारच करतो. येशूला ‘भुतांच्या बळावर करतो’ म्हणणाऱ्या शास्त्र्यांचं वाक्य आता येशूच्या नावाने राज्य करणाऱ्यांच्या तोंडी आलं होतं, आणि या वेळी हातात तलवार होती.

महाराष्ट्रात बसून हे लिहिताना २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आठवणं अटळ आहे. त्या वर्षी २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. या कायद्याच्या अनुसूचीत कृत्यं मोजून दिली आहेत. तथाकथित चमत्काराचा दावा करून पैसा मिळवणं, लोकांना फसवणं, त्यांच्यावर दहशत बसवणं हा गुन्हा. आणि एखादी व्यक्ती करणी करते, सैतानाचा अवतार आहे असं जाहीर करून तिचं जगणं मुश्कील करणं, हाही गुन्हा. या दोन गोष्टी एकाच कायद्यात असणं फार महत्त्वाचं आहे. एक बाजू ठकाला आवरते, दुसरी बाजू ‘ठक’ किंवा ‘डाकीण’ हा शिक्का मारणाऱ्या गर्दीला. सातपुड्यातल्या पाड्यावर डाकीण ठरवून मारहाण झालेली बाई आणि बोर्दोची उर्बिका यांना ठेचणारी गर्दी एकाच जातीची. कायदा धर्मविरोधी आहे, अशी ओरड तेव्हा झाली. मी अनुसूची वाचतो तेव्हा मला तिच्यात डिडाखेची रीत दिसते : कुठला देव, कुठलं नाव, हे न विचारता काय केलं एवढंच विचारायचं.

माझ्या ओळखीचे श्रद्धाळू लोक यावर एक खरा आक्षेप घेतात. सगळं वागणुकीवरच मोजायचं, तर मग सत्याचं काय? शिमोन आणि पेत्र सारखेच का? नाहीत. पण त्यांच्यातला फरक सांगताना श्रद्धाळू माणसाने आपल्या ग्रंथातली कोणती जागा धरायची, हे त्याच्याच हातात असतं. प्रेषितांच्या कृत्यांत स्किवाचे सात मुलगे, मंडळीबाहेरचे, येशूचं नाव घेऊन भुतं काढू पाहतात. भूत लागलेला माणूस त्यांच्यावर झडप घालतो आणि ते उघडे, जखमी होऊन पळतात. लेखकाला त्यात समाधान वाटतं. मार्कच्या नवव्या अध्यायात नेमका हाच प्रसंग उलटा घडतो. योहान तक्रार घेऊन येतो : एक माणूस तुमच्या नावाने भुतं काढत होता, तो आपल्यातला नाही म्हणून आम्ही त्याला मना केलं. योहानाने त्या माणसाचं काम पाहिलं होतं. कुणी बरं झालं का, त्याने कुणाकडून पैसे घेतले का, हे त्याला सांगता आलं असतं. त्याने सांगितलं ते एवढंच, की तो आपल्यातला नाही. येशू म्हणतो, त्याला मना करू नका.